दारावरचं नाव

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. विसरले म्हणून नव्हे; मला ते आडनावासकट पाठ आहे. पण ते नाव दगडात कोरून आमच्या बालमंदिराच्या दारावर बसवायचं ठरलं होतं, आणि ते बसू नये म्हणून मला जे करावं लागलं ते मी केलं. आता आपल्याच हाताने ते कागदावर उतरवायचं, तर मग एवढा खटाटोप केला कशाला? तेव्हा इथून पुढे त्याला मास्तर म्हणते. आमच्या गावात सगळे तेच म्हणत.

गाव मावळातलं, सुदुंबऱ्याच्या बाजूचं. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरे. एक मास्तर, चार इयत्ता, आणि पायरीपाशी बसवलेली बिगारीची पोरं. बिगारी म्हणजे ज्यांना अजून अक्षर येत नाही अशी पाच-सहा वर्षांची मुलं. त्यांनी धुळीच्या पाटीवर बोटाने अक्षर गिरवायचं आणि चुकलं की त्याच बोटावर छडी खायची. मास्तर बिगारीला स्वतः शिकवत नसत. ते काम चौथीतल्या मोठ्या मुलांवर सोपवलेलं होतं, आणि छडीही त्यांच्याच हातात होती. सकाळी जो पोरगा सगळ्यांत उशिरा येई त्याला सगळ्यांत जास्त छड्या, असा नियम होता. त्यामुळे बिगारीतली निम्मी पोरं दिवस उजाडायच्या आत देवळाच्या पायरीवर येऊन झोपलेली असत. मास्तर आलेल्या पाहुण्यांना ती पोरं दाखवून म्हणत, "पाहा, शिक्षणाची गोडी!"

मी आठ वर्षांची होते. माझ्या कडेवर धाकटा भाऊ असे, दहा महिन्यांचा. वडील रेल्वेच्या गँगवर, महिना-महिना बाहेर. आई दिवसभर भाताच्या खाचरात. म्हणजे भाऊ माझा. त्याला घेऊन मी ओवरीच्या खांबाला टेकून उभी राहायची आणि आत चाललेले पाढे ऐकायची. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. ऐकून ऐकून सगळे पाठ झाले.

शाळेच्या पटावर मुलींची चार-पाच नावं होती आणि हजर एकही नसे. तपासणीला येणारे डिपोटी साहेब दर वर्षी त्यावरून मास्तरांना टोकत. एक दिवस मास्तरांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"ए पोरी, रोज उभी असतेस. काही येतं का?"

"तीसपावतर पाढं येत्यात."

"तीसपर्यंत? म्हण बघू एकोणतीस."

मी म्हटला. त्यांनी तंबाखू मळायची थांबवली. पावकी म्हणायला लावली, निमकी म्हणायला लावली. मग पट उघडून माझं नाव लिहिलं. मी शाळेत गेले ती अशी. भावाला मांडीवर घेऊन खांबापाशी बसायची. तो रडला की उठून बाहेर, गप्प झाला की आत.

आता गोळीबद्दल सांगायला हवं. आई पहाटे खाचरात जायच्या आधी भावाला एक बाळगोळी देई. अफूची. बाजारात परवान्याच्या दुकानात अफू उघड विकत मिळे. आई ती गुळात मळून बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळ्या वळायची आणि पितळेच्या डबीत ठेवायची. डबी चुलीमागच्या कोनाड्यात. गावात ज्या घरची बाई कामाला जाई त्या प्रत्येक घरात अशी डबी होती. ज्याला नवल वाटेल त्याने एकदा लहान पोर पाठीला बांधून चिखलात दिवसभर वाकून बघावं.

डिपोटी येणार त्याच्या आदल्या दिवशी मास्तरांनी मला बोलावलं.

"उद्या ते पोर आणायचं नाही."

"मंग ठिवू कुटं? आई खाचरात जाती."

"तुझी आई गोळी देत नाही त्याला?"

"देती की. सकाळच्याला."

"मग झोपतं ना ते? झालं तर."

दुसऱ्या दिवशी भावाला घरी निजवून मी शाळेत गेले. डिपोटी सकाळी यायचे ते दुपारपर्यंत आलेच नाहीत. आमचं घर देवळाच्या मागेच होतं. ऊन डोक्यावर आलं आणि भावाचं रडणं ऐकू यायला लागलं. मी उठले.

"मास्तर, त्यो उठला. मी जाते."

"जातेस कुठे? साहेबांचा टांगा ओढ्याशी आलाय. तू गेलीस तर मी काय दाखवू, ही बिगारीतली टोणगी? जा, आणखी एक गोळी दे आणि पळत ये. एका गोळीने काय होतंय?"

मी पळत गेले. डबी काढली. गोळी बोटावर घेतली, आणि तो माझं बोट नेहमी चोखायचा तसं त्याने ते चोखलं. मग पळत परत आले.

डिपोटी साहेबांनी माझे पाढे ऐकले. मध्येच उलटसुलट विचारलं, तेही मी सांगितलं. ते हसले. लाकडी चौकटीची एक पाटी त्यांनी मला बक्षीस दिली आणि भेटीच्या वहीत मास्तरांबद्दल चार चांगल्या ओळी लिहिल्या. पुढच्याच वर्षी मास्तरांची बदली मोठ्या शाळेवर झाली आणि तिथून ते चढतच गेले.

मी पाटी घेऊन घरी आले तेव्हा भाऊ गार पडला होता.

आई दिवस मावळताना आली. तिने त्याला उचललं, खाली ठेवलं आणि आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. म्हणाली, "माजीच गोळी मोटी झाली." बाराव्यालाही हेच म्हणाली. पुढे वर्षानुवर्षं, कुणाच्या घरी पोर गेलं की हेच म्हणायची. मी कधी काही बोलले नाही. आठ वर्षांची होते हे कारण त्या एका दिवसापुरतं चालेल. पुढच्या वर्षांना ते कारण चालत नाही.

मास्तर आमच्या घरी आले नाहीत. नंतर मी शिक्षिका झाल्यावर त्या शाळेचा जुना पट मागवून पाहिला. माझ्या नावावर आडवी रेघ होती आणि पुढे मास्तरांच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: सतत गैरहजर, सबब नाव कमी केले.

मधल्या वर्षांचं थोडक्यात सांगते. पुण्याला एका इस्पितळात माझी मावशी दायी होती. तिने मला नेलं आणि शाळेत घातलं. शिकले, मास्तरीण झाले. लग्नही झालं आणि दोन वर्षांत संपलं. त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मग लहान मुलांना शिकवण्याची नवी पद्धत निघाल्याचं कानावर आलं आणि ती शिकायला मी एक वर्ष गुजरातेत जाऊन राहिले. लोक म्हणतात, बाईंना मुलांचा किती लळा! मुलं मला आवडतात, नाही असं नाही. पण मी त्या कामात पडले ती बिगारी मोडायला. ती पायरी, ती छडी, ती डबी, आणि या सगळ्यावर उभं राहून चार चांगल्या ओळी मिळवणारा माणूस, हे माझ्या डोळ्यांसमोरून एक दिवसही हललं नव्हतं.

लोणावळ्यात काम सुरू केलं ते तुंगार्लीच्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात. मालक मुंबईचे, भले गृहस्थ. पण सीझन आला की ते माणसांसकट येत आणि आमचं बिऱ्हाड उठे. उन्हाळ्यात महिना-दीड महिना, दिवाळीत पंधरा दिवस, नाताळात पुन्हा. पावसाळ्यात मात्र बंगला आमचा. पोरं इरली पांघरून येत आणि ती भिंतीला ओळीने उभी करून ठेवत. रेल्वेच्या गँगवाल्यांची, बंगल्याच्या माळ्यांची, गवताचे भारे वाहणाऱ्या बायांची पोरं. अडीच वर्षांपासून सहापर्यंत.

माझी एकच अट होती: पोर जागं आणायचं. दारात मी प्रत्येकाच्या पापण्या वर करून बघायची. अफू दिलेल्या पोराच्या बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होतो, ते लपत नाही. तसं पोर आलं तर मी परत पाठवत नसे. ठेवून घ्यायची, आणि संध्याकाळी त्याच्या आईला ऐकवायची. बायाही काही कमी नव्हत्या.

"बाई, तुमी त्याला झाडू माराय लावता म्हनं. झाडाय काय आमच्या घरी जागा कमी हाय? बाराखडी शिकवा की!"

"शिकवीन. आधी हात नीट चालू दे."

"आन ती डाळ ह्या वाटीतनं त्या वाटीत वततोय रोज. दिसभर वतून वतून शिजंल व्हय ती?"

सगळ्या हसायच्या, मीही हसायची. पण डब्या हळूहळू घरीच राहायला लागल्या, कारण पोर दिवसभर माझ्याकडे असे आणि बाईचे दोन्ही हात मोकळे राहत. उपदेशाने एक डबी सुटली नसती.

त्या सुमारास प्रांतात निवडणुका होऊन नवं मंत्रिमंडळ आलं. ज्यांनी बादशहाच्या राज्यारोहणाला पोरांकडून गाणी म्हणवून घेतली होती त्यांच्या डोक्यांवर पांढऱ्या टोप्या आल्या. शिक्षणाबद्दल सगळेच बोलायला लागले. लोणावळ्याच्या शाळा समितीने बालमंदिराला पक्की खोली द्यायचं मनावर घेतलं. जुन्या शाळेची, जिथे आधी बिगारी बसे तीच. मला ती खोली हवी होती. सीझन आला की चाळीस पोरांचं सामान डोक्यावर घेऊन हिंडायचा मला वीट आला होता. त्याहून वाईट म्हणजे, आम्ही उठलो की तेवढे दिवस डब्या परत निघत.

समितीतर्फे पाहणीला जे गृहस्थ आले ते मास्तर.

पेन्शन घेऊन त्यांनी लोणावळ्यात घर बांधलं होतं. अंगाने भरले होते, टोपी नवी होती. मी ओळखलं ते तंबाखू मळण्यावरून. त्यांनी मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. माझं आडनाव बदललं होतं, आणि कुणब्याची पोर अशी समोर खुर्चीवर बसून बोलेल ही कल्पनाही त्यांना शिवली नसेल.

"बाई, हा खेळ झाला. शिक्षण नव्हे," ते डाळ ओतणाऱ्या पोरांकडे पाहून म्हणाले. "आणि पाण्याचा माठ एकच दिसतो. सगळ्या जातींची पोरं आहेत. लोक बोलतील."

"मुलं एकमेकांना पाणी देतात, गुरुजी. मोठ्यांनी माठाला हात लावायचाच नाही असा नियम आहे. त्यामुळे बोलायचंच असेल तर लोकांनी तीन वर्षांच्या मुलांशी बोलावं."

त्यांना हसावं की रागवावं कळेना. पण काळ कुठे चाललाय हे त्यांना नेहमीच बरोबर कळत आलं होतं. त्यांनी विरोध केला नाही. उलट पुढाकार घेतला, आणि महिन्याभरात समितीत ठरलं की आयुष्यभर बालशिक्षणाची सेवा केल्याबद्दल बालमंदिराला मास्तरांचं नाव द्यायचं. पाथरवटाकडे काळा दगड टाकलासुद्धा.

मला बैठकीला बोलावलं ते कळवायला, विचारायला नव्हे. त्याच बैठकीत मास्तरांनी ती गोष्ट सांगितली. समितीतले लोक गालात हसत होते, म्हणजे त्यांनी ती पूर्वीही ऐकली होती. "तुम्हाला सांगतो, मी मावळात होतो तेव्हा एक कुणब्याची पोर होती. तीसपर्यंत पाढे! डिपोटी थक्क झाले. म्हणाले, मास्तर, तुम्ही दगडातून पाणी काढलंत."

डिपोटी असं काही म्हणाले नव्हते. मी तिथे होते.

मी विचारलं, "त्या मुलीचं पुढे काय झालं, गुरुजी?"

"काय व्हायचं? शाळा सोडली. ही माणसं पोरींना टिकू देत नाहीत हो. आपण कितीही जीव लावा."

तोपर्यंत मला नुसता राग होता. त्या वाक्यानंतर मला काय करायचं ते कळलं. मी म्हटलं, "गुरुजी, ही गोष्ट तुम्ही दसऱ्याला उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. बायकांना ऐकू दे." ते खूष झाले.

एक गोष्ट मी ठरवून टाकली: आईला येऊ द्यायचं नाही. मास्तरांनी काय सांगितलं ते लोकांना सांगायचं तर मी काय केलं तेही सांगावं लागणार होतं. गोळी आईची नव्हती, माझी होती. ते चारचौघांत बोलायची माझी तयारी होती, तिच्यासमोर नव्हती. मी गावी निरोप धाडला की यंदा दसऱ्याला मला फार काम आहे, येऊ नको, दिवाळीत मीच येते.

दसऱ्याला खोलीपुढे मांडव घातला. पुण्याहून शाळा तपासणाऱ्या बाई आल्या होत्या, समिती होती, पोरांच्या आया पोरं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. दगड दाराशी भिंतीला टेकून उभा होता, वर हार. समोर चौरंगावर पाटीपूजनाची पाटी होती. तिच्यावर मी नेहमीप्रमाणे एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली होती. पाटी तीच, डिपोटींनी दिलेली. चौकटीचा एक कोपरा निखळला होता, तो सुतळीने बांधला होता.

मास्तर बोलायला उभे राहिले आणि त्याच वेळी मागून आई आली. स्टेशनवरून चालत आली होती. पदरात आपट्याची पानं. लेकीला खोली मिळाली हे तिला कुणीतरी सांगितलं होतं आणि माझ्या निरोपाची तिने काही पर्वा केली नव्हती. तिने आधी पुढे जाऊन मास्तरांच्या हातात सोनं दिलं, ते मोठे दिसले म्हणून. त्यांना तिने ओळखलं नाही, त्यांनीही नाही. मग बायकांत पहिल्या रांगेत येऊन बसली.

मास्तरांनी गोष्ट सांगितली. या वेळी डिपोटींच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. टाळ्या पडल्या. मी उभी राहिले.

"गुरुजी, ती मुलगी मीच."

मग त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगावं! "अरे वा! अरे वा! ऐकलंत का बाई? माझीच विद्यार्थिनी! माझ्याच नावाच्या शाळेत!" समितीतल्या लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पुण्याच्या बाई हसल्या. खाली आईने शेजारणीला कोपराने ढोसलं. "माजी लेक हाय ती. तवापासनंच हुशार." असा अभिमान मी तिच्या तोंडावर पूर्वी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

तिथे थांबले असते तर सगळं गोड झालं असतं. खोली, दगड, आई, सगळं. मी दगडाकडे पाहिलं. अक्षर फार सुबक होतं.

मी बोलले. आवाज चढवला नाही. पाढे म्हणावेत तसं एकामागून एक सांगितलं. डिपोटी यायचे होते. भाऊ रडायला लागला. मी जाते म्हटलं. तुम्ही म्हणालात, आणखी एक गोळी दे आणि पळत ये, एका गोळीने काय होतंय. मी दिली. त्याच्यावर ही पाटी मिळाली. संध्याकाळी भाऊ गेला होता. दहा दिवसांनी तुम्ही माझं नाव कमी केलंत. ते मी टिकले नाही म्हणून नव्हे, गुरुजी. मी घरी सुतकात बसले होते.



मास्तर सावरले. हुशार माणूस होता. "त्या काळी सगळेच देत होते," ते म्हणाले. "सरकारी परवान्याने विकत मिळे. मी म्हटलं असेन, नसेन, मला आठवत नाही. आणि बाई, द्यायचा हात तर तुझाच होता ना?"

सगळेच देत होते हे खरं आहे. ते मी तेव्हाही नाकारलं नाही, आजही नाकारत नाही.

"हो, माझाच होता," मी म्हटलं. "म्हणूनच या दारावर मी माझं नाव मागत नाही. तुम्हीही मागू नका."

मागून एका गँगवाल्याची बायको उठली. एरवी तिच्या तोंडून चार शब्द निघत नसत. "माज्या भनीलाबी ह्यांनीच सांगितलंतं," ती म्हणाली. "आमच्या गावात व्हतं तवा. पोरीला शाळंत धाड, ल्हान्याला गोळी दे आन निजव. डिपोटी आला की ह्या मास्तरला पोरींचा लय पुळका यायचा. डिपोटी गेला की पुळका बी गेला."

कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. त्या हसण्याने मास्तरांचं जे झालं ते माझ्या बोलण्याने झालं नव्हतं. ते खाली बसले.

मग आई उठली. ती माझ्याकडे येईल असं वाटलं. ती मास्तरांपुढे गेली, त्यांच्या मांडीवरची आपली आपट्याची पानं एकेक करून वेचून घेतली आणि पदरात टाकली. मग माझ्याकडे वळली.

"येवडी वरसं," ती म्हणाली, "येवडी वरसं मी भाकर थापताना ह्या हातांकडं बघायची. आन तुला तोंड न्हवतं व्हय गं?"

आणि तशीच स्टेशनकडे चालू लागली. मी मागे गेले नाही. मुलांना खाऊ वाटायचा होता. पुण्याच्या बाई समितीला म्हणाल्या, "दगडाचं नंतर बघू. आधी मुलांची पाटीपूजा होऊ द्या." पोरांनी पाटीवर फुलं वाहिली. दोघांनी सरस्वती पुसली. मी दुसरी काढून दिली.

दगडाचं "नंतर" कधी आलं नाही. मास्तरांनी प्रकृतीच्या कारणाने समिती सोडली. समितीला या विषयावर पुन्हा बोलायचं नव्हतं, म्हणून तिने खोली आम्हाला निमूटपणे दिली. मास्तर रोज सकाळी आमच्या रस्त्याने फिरायला जात ते मागच्या वाटेने जायला लागले. तिकडे चढ आहे आणि पावसात चिखल होतो. मला त्यात आनंद वाटे. चार वर्षांनी ते वारले तेव्हा शाळा समितीचा कागद आला की सर्व शाळांनी दुखवट्याची सुट्टी द्यावी. मी बालमंदिर पूर्ण वेळ चालू ठेवलं, आणि त्या दिवशी पोरांना गूळ-शेंगदाणे जरा जास्त दिले. हे वाचून कुणाला मी कोत्या मनाची वाटले तर वाटू दे. डिपोटींच्या वहीत त्यांच्याबद्दल चार ओळी होत्या. माझ्याबद्दल हे लिहिलेलं राहिलं तरी चालेल.

आई दोन पावसाळे आली नाही. मी गावी गेले की ती घरात असूनही बोलत नसे. तिसऱ्या वर्षी एका सकाळी बोचकं घेऊन बालमंदिराच्या दारात हजर. मी पोरांच्या पापण्या वर करून बघते हे तिने थोडा वेळ पाहिलं, मग मला बाजूला सारून ते काम स्वतःकडे घेतलं. आजही तीच बसते. झिंगलेलं पोर आलं तर ते जागं होईपर्यंत मांडीवर घेऊन हलवत राहते, आणि संध्याकाळी त्याच्या आईला अशा शिव्या घालते की मला तशा कधी जमल्या नाहीत. माझ्याशी कामापुरतं बोलते. माझ्या हातचं जेवते, पण मला वाढू देत नाही, स्वतः घेते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दगड बरेच दिवस गवतात पडला होता. चांगला घडवलेला, सपाट दगड. खोलीला पोरांचे पाय धुवायला जागा नव्हती आणि चिखल सगळा आत येई. मी गँगमधल्या चौघांना बोलावून तो माठाशेजारी बसवून घेतला, अक्षरं खाली करून. आता पोरं त्यावर उभी राहून एकमेकांच्या पायांवर तांब्याने पाणी ओततात. हा त्यांचा आवडता उद्योग आहे, डाळीपेक्षा जास्त.

आई आली त्याच आठवड्यात तिने त्या दगडाकडे बोट दाखवलं. "येवडा गुळगुळीत धोंडा कुटनं आनलास?"

"मास्तरांचा आहे. नाव खालच्या अंगाला आहे."

तिला वाचता येत नाही. तिने वाकून दगडाच्या कडेला बोट लावून पाहिलं, जसं काही अक्षर हाताला लागेल. मग पोराच्या हातातला तांब्या घेतला, लुगडं घोट्याच्या वर खोचलं आणि त्या दगडावर उभी राहून पायांवर पाणी ओतलं. पाय धुऊन झाले तरी खाली उतरली नाही. पोरं रांगेत खोळंबली होती. एकाने विचारलं, "आजी, झालं का?"

"न्हाई रं," ती म्हणाली, आणि वजरी मागून घेऊन टाचा घासायला बसली.